भरलेल्या दुकानाचा फोटो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, जिच्यापाशी सगळं ओकते त्या मैत्रिणीलाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. पण एकदम नाही जमणार — जरा आडवळणानं येते.

दिल्लीच्या करोल बागेतलं माहेर-सासर मागे टाकून आम्ही द्वारकेच्या नव्या सोसायटीत राहायला आलो, तेव्हाची गोष्ट. निम्मे सेक्टर अजून खड्ड्यांत होते, पाणी टँकरचं. पण फाटकावर गार्ड होता, घराघरात इंटरकॉम होता, आणि आम्हाला त्याचं कोण कौतुक! मी एका मासिकासाठी फोटो काढायची. संपादकांना मालिका हवी होती — दिल्लीच्या आसपासच्या छोट्या गावांतली, शेवटच्या घटका मोजणारी किराणा दुकानं. मॉल येणार, ही जाणार, सगळं आधीच ठरलेलं. मी गावोगाव हिंडत होते, आणि पंचाईत अशी की दुकानं काही मरायला तयार नव्हती.

पानिपत रोडवरच्या एका गावातलं लालाजींचं दुकान तर अगदीच नाही. शांपूच्या पुड्यांच्या माळा, बिस्किटांची खोकी, आणि काचेच्या दाराचा नवाकोरा फ्रिज, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. मी मराठी आहे कळल्यावर लालाजी गादीवरूनच हसले.

“मराठे फेर आ गे? इबकै रोटी खा कै जाइयो, बेटी!”

आमची फौज तिथं उपाशीपोटी लढली होती, हे तिकडे पोराटोरांनाही ठाऊक. मग वरच्या मजल्यावरून त्यांच्या बायकोनं पराठे पाठवले, लोण्याचा गोळा घालून. मी त्यांचं मीठ खाल्लं — हे लक्षात असू द्या.

आधी आमचा एक फोटो काढ, लालाजी म्हणाले. लेकीचं पानिपतला ठरत होतं, व्याह्यांना दाखवायचा होता. लालाजींनी धुतलेला कुडता चढवला, बाई डोक्यावरून ओढणी घेऊन शेजारी बसल्या, मागे फ्रिज. मी काढला. पाठवते, असं मी म्हटलं; त्यांचा पत्ता घेतला, माझा दिला.

मग माझं काम सुरू झालं. पुड्यांच्या माळा उतरवायला लावल्या. फ्रिजवर गोणपाट टाकलं. खोकी आत ढकलली. आणि म्हटलं, शटर निम्मं खाली घ्या.

लालाजींचा चेहराच उतरला. “दिन में? ना बेटी.”

त्या बाजारात दिवसाढवळ्या शटर खाली येतं ते घरात कुणी गेलं तरच. रात्रीसुद्धा दुकान ‘बंद’ म्हणत नाहीत, आपल्यासारखंच वाढवतात. मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. मी म्हटलं, उजेड फार आहे, रोल खराब होईल. साफ खोटं — उजेड छान होता. पण पाहुण्या लेकीला नाही कसं म्हणायचं? त्यांनी शटर ओढलं.

तो खडखडाट वर ऐकू गेला. बाजूच्या जिन्यावरून बाई धावत आल्या — अनवाणी, हाताला कणीक, डोक्यावर ओढणी नाही. त्यांना वाटलं, लालाजी गेले. कॅमेरा माझ्या डोळ्याला होता. मी तो खाली घेतला? नाही. “कुछ ना हुआ, फोटू सै” असं लालाजी म्हणेपर्यंत माझं बटण दाबून झालं होतं.

तोच फोटो छापून आला. खाली ओळ होती — ‘दुकानाचा शेवटचा दिवस’. ती ओळ संपादकांची नव्हती, माझी होती. फोटोचा फार बोलबाला झाला. बक्षीसही जाहीर झालं.

इतकंच असतं तर मी कधीच सांगून मोकळी झाले असते. आमच्या धंद्यात असल्या गोष्टी चहाबरोबर हसून सांगतात. पण —

समारंभाच्या आधीच्या रविवारी दुपारी इंटरकॉम वाजला. नवरा झोपला होता. गार्ड म्हणाला, पानिपत रोडवरून कुणी लालाजी आलेत. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत लालाजींनी त्याच्याकडून फोन घेतला.

“बेटी तै कह दो, वा दूसरी फोटू दे दे बस. समधी कहवै सै, दुकान उठ गी, इब जो माल दिखै सै वो मांग्या होया सै. उसे दिन की फोटू देख कै मान ज्यागा. छोरी के घर का सवाल सै.”

दुकान बुडालंय, आता दिसतोय तो माल उसना आणलेला, असं व्याही म्हणत होते. त्याच दिवशीचा, माझ्याच हातचा फोटो दाखवला की झालं. तो फोटो तयार होता — हाताशी, ड्रॉवरमध्ये. पण तो एकदा बाहेर पडला, कुणी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, तर? बक्षीस, नाव, पुढची कामं?

मी आवाज बदलला. कामवालीचा काढला.

“मैडम तो बाहर गई हैं जी.”

लालाजी म्हणाले, “कोई बात ना, बेटी. मैं बैठ्या सूं.”

ओळखलं असेल का त्यांनी मला? की सगळ्याच मुली त्यांच्या बेटी? बाल्कनीच्या पडद्याआडून मी बघत राहिले. ते फाटकाबाहेर विटांच्या ढिगावर बसले होते, मांडीवर डबा घेऊन. ऊन उतरेपर्यंत बसले. नवऱ्यानं उठल्यावर विचारलं, कोण होतं गं? म्हटलं, गार्ड, टँकरचं विचारत होता.

डबा ते गार्डपाशी ठेवून गेले. पिन्नी होती, गव्यात वळलेले कणकेचे लाडू. ऑफिसातल्या कुणीतरी दिले असं मी सांगितलं. आम्ही ते चहाबरोबर खाल्ले. मीही खाल्ले.

त्या मुलीचं लग्न झालं की मोडलं, मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही. त्या रस्त्यानं कितीदा गेले, पण गाव आलं की झोपेचं सोंग घेते.

फोटो अजून ड्रॉवरमध्ये आहे. शटर पूर्ण वर आहे, माळा लटकताहेत, दोघं फ्रिजसमोर जरा अवघडून बसलीत. पत्ता मला तोंडपाठ होता. दुसऱ्या दिवशी पाकिटात घालून टाकला असता, तरी चाललं असतं. मी टाकला नाही.