बाल्कनीतून न निघालेला किल्ला

चेन्नईत, आमच्या वेलचेरीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत एक डोंगरी किल्ला आहे. तो अजिंक्य आहे. म्हणजे आजवर कोणालाच तो तिथून हलवता आलेला नाही, बांधणाऱ्याला तर मुळीच नाही.

बांधणारा मीच. पेरुंगुडीच्या एका कंपनीत मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. काम वेळेत, मापात आणि ज्याचं त्याच्याकडूनच कसं करून घ्यावं, हे मी दिवसभर लोकांना शिकवतो. (पगारही त्याचाच घेतो!) त्यामुळे सातवीतल्या माझ्या लेकीने, सईने, शाळेतून चित्रकलेच्या प्रोजेक्टचा कागद आणला, तेव्हा मी तो तिच्या हातातून अधिकाराने काढून घेतला.

विषय होता 'माय नेटिव्ह प्लेस'. टाकाऊ वस्तूंपासून आपल्या गावाची प्रतिकृती करायची आणि पुढच्या शुक्रवारी शाळेत न्यायची. खाली ठळक अक्षरांत दोन सूचना होत्या. प्रतिकृती मुलांनी स्वतः करावी, आणि ती एका मुलाला उचलता येईल एवढीच असावी. या सूचना मी वाचल्या नाहीत. 'नेटिव्ह प्लेस' एवढं वाचलं आणि डोळे असे भरून आले की पुढचं काही दिसेचना.

माझं गाव भोर. सहामाही परीक्षा संपली रे संपली की मी आणि माझा मोठा भाऊ, दादा, अंगणात किल्ला करायला बसायचो. दगडविटांचा ढीग, त्यावर जुनी पोती, पोत्यांवर चिखल आणि चिखलावर अळीव. रोज सकाळी उठून आधी गडावर कोंब आलेत का ते बघायचं, मग दात घासायचे. आई दारातून ओरडायची, "हात धुऊन जेवायला येताय, की तिथेच गडावर वाढू?" चेन्नईत येऊन मला अकरा वर्षं झाली. इथली दीपावली एका पहाटेत आटपते. तेल, आंघोळ, नवे कपडे, फटाके, इडली, संपलं! आणि दरवर्षी त्या दिवसांत माझ्या हातांना चिखलाची आठवण येते. हसू नका, खरंच येते.

"सई, आपण किल्ला करायचा!"

"बाबा, मला किल्ला आठवतच नाही. मी दोन वर्षांची होते."

"म्हणून तर करायचा!"

"पण मॅमनी सांगितलंय, स्वतः करायचं."

"मग तूच करणार! मी फक्त सांगणार."

स्वयंपाकघरातून बायकोचा, अनघाचा, आवाज आला, "सई, हा ऑफिसातही असंच म्हणतो. तू आपला एक रिकामा खोका बाजूला ठेवून दे."

मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि दादाला फोन लावला.

"दादा, अंगणातली माती पाठव."

"माती? कुठली माती?"

"आपली रे! गावच्या किल्ल्याला गावचीच माती हवी."

"बरं... पाठवतो की," दादा म्हणाला.

चार दिवसांनी भलंमोठं पार्सल आलं. "चेन्नईतली संपली वाटतं," एवढंच म्हणून अनघाने सही केली. मी पोतं उघडलं, ओंजळभर माती हातात घेतली आणि डोळे मिटून हुंगली. अंगण दिसलं. आई दिसली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

सईनेही हुंगली. "बाबा, नारळवाल्याच्या गाडीपाशी येतो तसा वास आहे."

"आपल्या मातीचा वास आहे तो! तुला नाही कळायचा."

जुन्या कपाटाचं दार अडगळीत पडून होतं. टाकाऊ वस्तू! ते आडवं, उभं, तिरकं करत मी बाल्कनीत नेलं, आडवं टाकलं आणि बांधकाम सुरू केलं. सई पहिली दहा मिनिटं शेजारी बसली. तिने एक बुरूज केला, तो मी 'जरा' सरळ केला. तिने एक पायवाट काढली, ती मी मोडून महादरवाज्याकडे वळवली. नंतर ती आत कधी निघून गेली ते माझ्या लक्षात आलं नाही.

आल्या त्या पद्माबाई. या आमच्या शेजारीण, वय पंचाहत्तर, तंजावरकडच्या मराठी. त्यांची मराठी जुनी, आणि चाल मात्र तमिळ. सई त्यांना पाटी म्हणते, म्हणजे आजी. मला त्या मायेने अप्पा म्हणतात.

"कोलू उतरून किती दिवस जाले, अप्पा! आता हे काय मांडतोस?" नवरात्रात इथे घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, तो कोलू. त्यांना वाटलं, मला उशिरा जाग आली.

"किल्ला आहे, पद्माबाई. आमच्या गावाकडचा."

"सरी, सरी, बरं. पण माणसं कोठे? माणसांवाचून कसला गाव?"

महाराजांची छोटी मूर्ती माझ्याकडे होती, पण मावळे चेन्नईत कुठून आणणार? पद्माबाई घरी गेल्या आणि आपल्या कोलूतलं चेट्टियार जोडपं घेऊन आल्या. चेट्टियार म्हणजे पोट सुटलेला, वाणसामानाच्या दुकानात बसलेला वाणी, शेजारी तितकीच भरदार बायको. "डोंगरावर तांदूळ कोण विकणार मग?" असं म्हणत त्यांनी ते दोघे थेट महादरवाज्यात बसवले. मोठ्या बाईंना नाही कसं म्हणायचं? माझ्या गडाला अशा रीतीने तमिळ किल्लेदार मिळाला.

मी त्यांना सहज विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं हो?"

"मूळ?" त्या विचारात पडल्या. "आमचे लोक तंजावरास आले त्याला तीनशे वर्षं जाली. त्याआधीचा गाव माझ्या आजोबांसही ठाऊक नव्हता. आता हाच गाव. तो कोपऱ्यावर कॉफीपूड दळणारा आहे ना? त्याच्या मागचा."

मला त्यांची दया आली. (दया कोणाची यायला हवी होती, ते पुढे कळेलच.)

अळीव पेरलं आणि रोज दोनदा पाणी घालू लागलो. अळीव तरारलं आणि त्याबरोबर किल्लाही! गड दिवसागणिक फुगत चालला. तटबंदी रुंदावली, महाराज वीतभर वर गेले, चेट्टियार बाजूला कलंडला. "गावच्या मातीचा कस आहे हा!" मी अनघाला अभिमानाने सांगितलं.

शुक्रवार उजाडला. शाळेची व्हॅन सात वीसला येते. सात वाजता मी बाल्कनीत शिरून मागची बाजू धरली, अनघाने हॉलमधून पुढची धरली. "एक, दोन, तीन!" गड तसूभर हलला. ओल्या मातीचं वजन आमच्या दोघांच्या हिशेबापलीकडचं होतं. पद्माबाई मदतीला आल्या आणि तमिळमध्ये हुकूम सोडू लागल्या. रेटत, ओढत, कण्हत आम्ही ती कपाटाची फळी कशीबशी बाल्कनीच्या दारापर्यंत आणली.

आणि तिथे अनघा थांबली. "मिलिंद, ही फळी दारापेक्षा रुंद आहे."

"अशी कशी असेल? मी इथूनच तर आत नेली!"

"तेव्हा ती तिरकी होती. आणि तिच्यावर किल्ला नव्हता."

अकरा वर्षं मी लोकांची प्लॅनिंगं तपासतो आहे!

"जराशी तिरकी करू," मी म्हणालो. आम्ही ती जराशी तिरकी केली. फळी सरकत्या दाराच्या चौकटीत अशी घट्ट बसली की मागे जाईना, पुढे येईना. एक बुरूज घसरून हॉलमध्ये सोफ्यावर पडला. चेट्टियार पद्माबाईंच्या पायाशी लोळत आला. आणि मी? मी बाल्कनीत अडकलो. समोर किल्ला, मागे तिसऱ्या मजल्याचा कठडा.

खाली व्हॅनचा हॉर्न वाजला.

"सई, घाबरू नकोस! मॅमना सांग, बाबा दुपारी घेऊन येतील..."

सई अजिबात घाबरली नव्हती. ती आपल्या खोलीत गेली आणि चपलांचा एक खोका घेऊन बाहेर आली. वर वर्तमानपत्र झाकलं होतं.

"मी माझं केलंय, बाबा," ती हळूच म्हणाली. "तू बिझी होतास." आणि गेली.

कठड्यावरून मी पाहिलं. खोका छातीशी धरून ती व्हॅनमध्ये चढली. एका मुलीला उचलता येईल एवढाच होता तो. मला एकदम फार वाईट वाटलं. जे तिला द्यायला निघालो होतो, त्यात तिला हातसुद्धा लावू दिला नव्हता मी.

अनघा सुताराला फोन करायला गेली. पद्माबाईंनी फटीतून मला कॉफी दिली आणि सोफ्यावरची माती भरायला दादाने पाठवलेलं पोतं झटकलं. त्यातून प्लास्टिकचं एक आवरण पडलं. त्यावर तमिळ अक्षरं होती. (अकरा वर्षांत मला तमिळमध्ये फक्त बसचा नंबर वाचता येतो, तोही आकड्यात असतो म्हणून.) पद्माबाईंनी चष्मा लावला.

"नारळाचा भुसा आहे हा, अप्पा. कुंडीत घालायचा. पाणी पडलं की फुगतो. पोळ्ळाचीचा."

पोळ्ळाची! म्हणजे तमिळनाडूतलं! मी तिथूनच दादाला फोन लावला.

"दादा, ही माती कुठली?"

दादा म्हणाला, "मिल्या, अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून सहा वर्षं झाली रे, तू इकडे फिरकलाच नाहीस. माती राहिलीच नाही. नर्सरीतून आणली. नर्सरीवाला म्हणाला, ही हलकी पडते, पार्सलला बरी."

"मग तसं सांगायचं ना!"

"इतक्या वर्षांत तू काही मागितलं नव्हतंस. आणि मागितलंस ते अंगण. नाही कसं म्हणू?"

ज्या अंगणासाठी मी अकरा वर्षं झुरत होतो, ते भोरमध्येही नव्हतं. आणि पोळ्ळाचीचा भुसा हुंगून मी आईला आठवून रडलो होतो. पण आठवण खरीच होती ना? आई तर खरंच दिसली होती.

दहा वाजता सुताराने फळीचा कोपरा कापून माझी सुटका केली. गड होता तिथेच मागे लोटला.

संध्याकाळी सई खोका घेऊन परतली. मी तो जमिनीवर ठेवून आत डोकावलो. टूथपेस्टच्या खोक्यांची बाल्कनी, चहाच्या गाळलेल्या चोथ्याचा इवलासा किल्ला. दारात कमरेवर हात ठेवून अनघा, शेजारी बाटलीच्या बुचातून कॉफी देणारी पाटी. आणि किल्ल्यासमोर स्टुलावर बसलेला, फाटक्या मोज्यांचा, मळक्या हातांचा एक माणूस.

"नेटिव्ह प्लेस आहे ना विषय?" मी विचारलं. "मग ही तर आपली बाल्कनी."

"तुझं नेटिव्ह प्लेस भोर आहे, बाबा," सई म्हणाली. "तू जिथे बसून भोर आठवतोस, ते माझं."

मी तिला जवळ ओढलं आणि म्हटलं, पुढच्या वर्षी बुरूज तू करायचे, मी हात लावणार नाही. "नक्की?" तिने विचारलं. "जरासुद्धा सरळ नाही करणार?" मी शपथ घेतली. अनघा हसली.

मग मी डोळे पुसून तो माणूस पुन्हा नीट पाहिला. माझं डोकं तिने संपलेल्या रोल-ऑन डिओडरंटच्या गुळगुळीत गोळ्याचं केलं होतं. बाजूला मॅमनी लाल शाईत इंग्रजीतून शेरा लिहिला होता, 'टाकाऊ वस्तूचा फारच सुरेख उपयोग!' आणि शेऱ्यापासून निघालेला बाण बरोब्बर माझ्या टकलावर येऊन थांबला होता.