गुरुवारचा उंचवटा

श्वासबाईंच्या प्रयोगशाळेत श्वास घ्यायला बंदी होती. थट्टा नाही, खरंच! हवेतला कार्बन डायऑक्साइड उष्णता नेमकी किती अडवतो, हे बाई बावीस वर्षं मोजत होत्या. दाराशेजारच्या आरशातून समोरच्या आरशाकडे किरण सोडायचा. मध्ये कुणी नुसता सुस्कारा टाकला, की आकडे बिघडलेच. बाई स्वतःसुद्धा काचेआड बसायच्या. दारावर पाटी होती, 'आत येऊ नये.' सहकाऱ्यांनी आधी टोपणनाव ठेवलं, मग यायचंच सोडलं. लग्न राहून गेलं. बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला भावाकडे असायचे. त्यांचा फोन आला, की बाई म्हणायच्या, "मोजणी चालू आहे बाबा, मग करते." पण तो 'मग' काही उगवायचा नाही.

अखेर बाईंनी शोधनिबंध पाठवला, तर परीक्षकांनी तो परत धाडला. आलेखावर सहा वर्षं दर गुरुवारी चारला एक उंचवटा येत होता आणि आठ महिन्यांपूर्वी तो आपोआप गेला होता. कारण सांगा, नाहीतर सगळी मोजणी रद्द! बाईंनी जंग जंग पछाडलं. यंत्र उघडून पाहिलं, एसीवाल्याशी कडाक्याचं भांडण केलं. हाती काही लागेना.

शेवटी वैतागून त्यांनी वॉचमनला गाठलं. "काका, गुरुवारी चारला इकडे काही चालू करायचात का हो?"

"नाही बुवा. तुमचे वडील यायचे तेवढे, दवाखान्यातून परत जाताना."

"बाबा? इथे?"

"म्हणजे काय! किल्लीच्या भोकाला डोळा लावून तुम्हाला बघायचे. मी म्हणायचो, दार वाजवा की आजोबा. तर म्हणायचे, नको, तिचे आकडे बिघडतील. तोंडावर रुमालसुद्धा धरायचे. पण धाप लागायची हो त्यांना."

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. बाईंनी जुने आलेख जमिनीवर पसरले. पहिल्या वर्षी उंचवटा जेमतेम दिसत होता. मग दर वर्षी थोडा मोठा, शेवटच्या गुरुवारी सगळ्यात मोठा. शेजारी बाईंनीच लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'दोष वाढतोय. बंदोबस्त करावा.'

बाई तिथेच बसून ढसाढसा रडल्या.

परीक्षकांना त्यांनी कारण कळवलं, 'दाराबाहेर एक माणूस उभा राहत असे. आता राहत नाही.' आठवड्याभरात निबंध स्वीकारला गेला. ही बातमी सांगायला बाईंनी फोन हातात घेतला, आणि कुणाला करावा तेच कळेना.