काचेचा तुकडा

आमच्या गावात आता ट्रॅक्टरच जास्त. बैलजोड्या बोटावर मोजण्याइतक्या उरल्यात, त्यातली एक माझी. खिलारी. उसाच्या सरीतून त्यांच्यासारखं नेमकं कुणी चालत नाही, हे मी इतक्यांदा ऐकवलंय की बायको म्हणते, "बैलांचं कौतुक झालं असंल तर जेवून घ्या."

बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याच्या आधी शिंगं तासायचं काम मी कधी दुसऱ्याला करू दिलं नाही. फुटक्या काचेनं खरवडत न्यायचं, टोक निमुळतं काढायचं, वर लाल ऑइलपेंट. मी काच घेऊन शेजारी बसलो, की रवंथ करत बसलेला जोडीतला थोरला आपण होऊन मान वळवायचा आणि शिंग माझ्या मांडीवर टेकवायचा. सात वर्षं हे असंच चाललं होतं.

गेल्या बेंदराला त्याचं उजवं शिंग जरा कललेलं दिसलं. आदल्या वर्षी आपणच वाकडं तासलं, असं मी धरून चाललो. गावात माझ्या हाताचं नाव, आणि मिरवणुकीत बैल एकीकडे झुकलेला? मग ते सारखं करायला मी पार बुडाजवळ खोल तासलं. त्यानं डोकं झटकलं. मी मानेवर चापट दिली, "गप बस की!"

तो गप बसला.

पुढं त्याच्या उजव्या नाकपुडीतून रक्त आलं. पावसाळ्यात नाकात जळू शिरते, तसलंच काही असेल म्हणून मी मिठाचं पाणी ओतलं. बायको म्हणाली, "डॉक्टर बोलवा." मी तिच्यावरच खेकसलो. तो दिवसभर गोठ्याच्या मेढीला शिंग घासत उभा राहायचा आणि मी तिकडं बघायचं टाळायचो.

शेवटी मुरगूडहून जनावरांची डॉक्टर आली, माझ्या लेकीच्या वयाची. तिनं डाव्या शिंगावर बोटाच्या पेरानं ठोकलं. वाळल्या भोपळ्यासारखा पोकळ आवाज आला. मग उजव्यावर ठोकलं. भरल्या घागरीसारखा, बद्द.

"काका, शिंगाचा कॅन्सर हाय. मुळातनं काढाय लागंल."

"तासल्यामुळं झाला काय?"

तिनं बुडाजवळचं तासलेलं बघितलं. "नक्की कशानं, ते सांगता येत न्हाय. पण तासणं, रंग, दोरीचं काचणं, त्यानं वाढतंय म्हणत्यात. आणि शिंग कललं तवाच बोलवायचं, उशीर केलासा."

भूल देऊन त्याला पाडलं. डोकं मी धरलं होतं. तारेची करवत फिरली, शिंग बाजूला पडलं, आणि त्या भोकातून गरम वाफ माझ्या मनगटावर आली. शिंगाची पोकळी आतून नाकापर्यंत जाते; बैल डोक्यातून श्वास सोडत होता. आत इतकं जिवंत असतं, आणि मी लाकूड समजून तासत आलो. तिनं कातडी ओढून टाके घातले. "तिथं परत काय उठलं तर लगेच बोलवा," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून मी भ्यालेला माणूस आहे. सकाळी चहाआधी गोठ्यात जातो, नाकपुड्या पुसून बघतो, टाक्यांच्या जागी हात फिरवतो, दोघांची शिंगं ठोकतो. पोकळ आवाज आला तरी विश्वास बसत नाही, परत ठोकतो.

यंदा बेंदराच्या आदल्या दिवशी काच टाकून द्यावी म्हणून ती कोनाड्यातून काढली. थोरला बसला होता. त्याला वैरण घालायला मी शेजारी टेकलो, काच हातातच होती. त्यानं ती बघितली, मान वळवली, आणि उरलेलं शिंग माझ्या मांडीवर आणून ठेवलं.