चहाच्या आधी उघडणारा कॉम्प्युटर

कळवणच्या बाजारात योगिनीताईंचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. तिथला कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत चहा उकळून व्हायचा, त्यामुळे आलेल्या प्रत्येकाला तो मिळायचाच. शेवटी वैतागून ताई जुनी हार्ड डिस्क बदलायला नाशिकला गेल्या. दुकानदार सगळ्यात मोठी एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, गळ्यात मारायला बघत होता.

"मला वेग हवाय, गोदाम नको!" म्हणत ताईंनी लहानच घेतली.

दुसऱ्या दिवशी बहिरूबाबा सातबारा काढायला आले. ते बाकावर टेकायच्या आत कागद हातात! बाबांची नजर मात्र शेगडीवरच.

"लय लवकर झालं, ताई," ते हिरमुसून म्हणाले.

ताईंनी कॉम्प्युटर सरळ बंद केला.

"बसा हो बाबा! चहा होईपर्यंत याला कोण हात लावतं, बघतेच मी."