ओढणीतले हात

दिवाळी झाली की आर्णीकडच्या आमच्या बंजारा तांड्यात घरांना कुलपं लागतात. माणसं ऊसतोडीला जातात, मुलं त्यांच्या मागे. मी तिसरीत असताना आईबाबांचा ट्रक निघाला, तेव्हा शेजारची नवी सून जयाभाभी पुढे झाली. "हिले राहू द्या माह्यापाशी. एक भाकर जास्त थापीन, दुसरं काय?" त्या वर्षी माझी शाळा सुटली नाही, पुढच्याही नाही. एम.ए. कशी झालीस, असं कोणी विचारलं की मला आधी तिची चूल आठवते.

पुढे तिच्याकडे राहणारी मुलं वाढत गेली. एका घरात किती मावणार? म्हणून यंदा तिने ठरवलं, शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष व्हायचं. समितीने मागणी लावून धरली, तर हंगाम संपेपर्यंत शाळेतच मुलांच्या राहण्याजेवणाची सोय होऊ शकते. तिचा ओम चौथीत होता, त्यामुळे पालक म्हणून तिला उभं राहता येत होतं. समोर होता देवसिंग, तांड्याचे नायक रूपसिंग यांचा मुलगा आणि ऊसतोड टोळीचा मुकादम. त्याची मुलंही याच शाळेत. पण टोळीत पोरं असली की वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधायला हात मिळतात, हे त्याला पक्कं ठाऊक.

भाभी कापूस वेचणाऱ्या बायकांकडे शेतोशेत फिरली. "तुलेच व माय, दुसऱ्या कोनाले?" असं सगळ्याच म्हणाल्या. लीलाबाई तर म्हणाली, "म्या दोन्ही हात वर करीन!"

पालकसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली, मीही बघायला गेले होते. पुढच्या खुर्चीवर मानाने नायक बसले. गुरुजींनी देवसिंगचं नाव घेतलं, पुरुषांचे हात वर झाले. मग जयाभाभीचं घेतलं. तिचा नवरा धनसिंग, त्याचा एकट्याचा हात वर. बायकांच्या ओळीत ओढण्या नाकापर्यंत उतरलेल्या, हात एकही वर नाही.

तेव्हा आमची चूक लक्षात आली. नायक नात्याने साऱ्या सुनांचे सासरे. त्यांच्यासमोर सून तोंड दाखवत नाही, बोलत नाही. मग ओढणीतून हात काढून तो उंच कसा धरणार? शेतात हे कोणाच्याच मनात आलं नव्हतं, कारण तिथे सासरे नव्हते. भाभीच्याही मनात आलं नव्हतं, आणि ती स्वतःच ओढणी ओढून उभी होती.

देवसिंग हसला. "झालं मंग गुरुजी, लिहा माह्यं नाव."

"थांब रे," नायकांची बायको जमनीयाडी म्हणाली. "काहून व लीला, इथं झोपायले आलती का तू?"

ओढणीतून बारीक आवाज आला, "तुमचे मालक बसले ना पुढं!"

हशा पिकला. जमनीयाडी नवऱ्याकडे वळली. "ऐकलं? तुमच्यापायी अडलं सारं. घरात येतानी खाकरता, तसं आता खाकरा अन् बाहेर जाऊन बसा."

"अन् पोराचं काय?"

"पोराले मुकादमी हाय. नातवाले शाळा असू द्या."

नायकांनी काठीवर भार दिला. एका शब्दात ते सभा मोडू शकले असते. पण ते खाकरले, उठले, आपली खुर्ची आपणच उचलून कडुलिंबाखाली नेली आणि आमच्याकडे पाठ करून बसले. बाकीचे म्हातारेही निमूट त्यांच्यामागे गेले.

"बापू, हे काय करून राह्यले?" देवसिंग ओरडला.

"रीत हाय बे," ते न वळता म्हणाले.

गुरुजींनी पुन्हा विचारलं. पहिली लीलाबाई, खरंच दोन्ही हात. "एकच चालते बाई," गुरुजी म्हणाले. मग बांगड्या वाजत गेल्या, ओळीच्या पार शेवटापर्यंत. गुरुजींनी हात मोजले आणि भाभीचं नाव लिहिलं.

"झालं का?" बाहेरून नायकांनी विचारलं. "वळू का आता?"

लग्न होऊन आल्यापासून भाभी त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने ओढणी कपाळापर्यंत मागे सारली.

"वळा, बापू," ती म्हणाली. "तालुक्याच्या साहेबाकडे मागणी घेऊन जाचं हाय. तुम्ही संग चाला."

दिवाळीनंतर ट्रक निघाला, तेव्हा ओमच्या शेजारी देवसिंगचा धाकटाही हात हलवत उभा होता, खाली, शाळेच्या फाटकात. मी सुटीत पुन्हा घरी आले होते. शाळेत आत जाऊन भाभीसोबत साऱ्या मुलांच्या भाकरी थापायला बसले.