बिशपांची टोपी लिलावात

आमचे बिशप योकाना रुताबा जुन्या वळणाचे. चर्चमध्ये टाळ्या नकोत, ढोल नकोत. यंदा त्यांनी अर्पणाचा लिलावही बंद करायचं ठरवलं आणि निम्मी मंडळी रुसली. आमच्या युगांडात लोक देवाला भोपळे, अंडी, कोंबड्या वाहतात आणि उपासनेनंतर दारातच त्यांचा लिलाव होतो.

मनाईचं पत्र घेऊन ते आमच्या गावी आले. उपासना संपली, तशी त्यांनी आपली उंच टोपी दाराजवळच्या अर्पणाच्या करंडीत ठेवली आणि झगा बदलायला आत गेले. लिलाव पुकारणाऱ्या झाबुलोनी कारभाऱ्यांना वाटलं, हेही अर्पणच! बिशप पत्र घेऊन बाहेर येतात, तो टोपी एरिवाइडा आजींच्या डोक्यावर.

“आजी, टोपी द्या. दुपारी पलीकडच्या गावात उपासना आहे.”

“लिलावात घेतलीय, बाबा. देवाचा व्यवहार. हवी तर बोली लावा.”

“मी? लिलावात?”

“मग जा तसेच, बोडक्यानं!”

बिशपांनी आकाशाकडे पाहिलं आणि पुटपुटले, “दोन हजार शिलिंग.”

“तीन!” आजी म्हणाल्या.

“पाच!” बिशप ओरडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनी अडवल्या नाहीत. टोपी मिळाली. पत्र खिशातच राहिलं, कारण तोवर झाबुलोनींनी तांबडी कोंबडी उचलली होती आणि पहिली बोली बिशपांचीच होती.