राक्षसाची हाव

चहा गार होण्यापूर्वी एक गोष्ट मान्य करून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला माझ्याविषयी भलता आदर वाटायला नको. मराठी विषयात पदव्युत्तर पदवी मिळवलेल्या माणसाला मराठीतला अगदी घरगुती शब्दसुद्धा कळू नये, हे शक्य आहे. मी ते सप्रमाण सिद्ध केलेले आहे. तेही लातुरात, ध्वनिक्षेपकावर.

माझ्या अभ्यासाचा विषय होता 'उलट्या विहिरीचा राक्षस'. अहमदपूरच्या एका मास्तरांनी फार पूर्वी लिहिलेली ही अद्भुत बालकादंबरी. चार भावंडे विहिरीत उतरतात, तळाशी त्यांना आकाश लागते आणि तिथे एक राक्षस भेटतो. भावंडांनी काहीही विचारले, तरी हा राक्षस एकच शब्द उच्चारतो.

"आम्हाला खाणार का?"

"हाव."

खात मात्र नाही.

"आम्हाला घरी सोडशील?"

"हाव."

सोडतही नाही.

बाकी सारी कादंबरी शुद्ध प्रमाण मराठीत आहे. आणि मीही तोवर शुद्ध प्रमाण मराठीतला माणूस झालो होतो. अर्धापूरच्या केळीच्या बागेतून नांदेडला शिकायला आल्यापासून 'न्हाई'चे 'नाही' आणि 'हाय'चे 'आहे' करण्यात मी जेवढे कष्ट उपसले, तेवढे बागेत उपसले असते तर निदान वडील तरी खूश झाले असते. त्यामुळे 'हाव' हा शब्द दिसताच मी काय केले असेल? शब्दकोश उघडला. हाव: लोभ, अतृप्त इच्छा. संपले. राक्षस सापडला.

प्रबंधातल्या प्रकरणाला नाव दिले, 'हाव: अद्भुताच्या तळाशी दडलेला लोभ'. "तुला झोप येते का?" या प्रश्नालाही राक्षस "हाव" म्हणतो, तिथे मी 'निद्रेचाही लोभ' अशी तळटीप जोडली. "विहिरीत बेडूक आहेत का?" "हाव." इथे मी किंचित अडखळलो, हे नमूद केले पाहिजे. मग 'बेडकांविषयीचा लोभ हा स्वतंत्र संशोधनाचा विषय ठरावा' असे लिहून पुढे सरकलो. विद्वत्तेत सावधपणा म्हणतात तो हाच.

हे टंकत असतानाच आईचा फोन आला.

"जेवलास का रं?"

"हाव."

"पोटभर?"

"हाव, हाव."

फोन ठेवला आणि 'हाव' या शब्दाच्या व्युत्पत्तीकडे पुन्हा वळलो.

हसू नका, अजून इरफान यायचा आहे. इरफान माझा खोलीतला सोबती. वडिलांचे नांदेडात शिलाईचे दुकान, हा स्वतः इतिहासाचा विद्यार्थी. त्याने मान वळवून विचारले, "काय लिहून राहिला इतकं? विषय काय हाय?"

"हाव."

"हाव काय? मी विषय विचारून राहिलो."

"तोच सांगतोय. हाव."

"अबे, मी हाव का न्हाई असं विचारलंच न्हाई. विषय सांग ना, विषय."

मी त्याच्याकडे करुणेने पाहिले. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सूक्ष्म आशय कळत नाही, असे मनाशी ठरवून मी विषय बंद केला. सूक्ष्म आशय कोणाला कळत नव्हता, ते तुम्ही पाहतच आहात.

माझे मार्गदर्शक सर मूळचे लोह्याचे. त्यांनी कादंबरी वाचली होती असे मी म्हणणार नाही. पुराव्याशिवाय विधान करू नये, ही त्यांचीच शिकवण. "यात जागतिकीकरण घाला," ते म्हणाले. घातले. "लेखकाचं अंतर्मन उघडं करा." तेही केले. मास्तर वरून साधे, पण आतून अत्यंत लोभी असावेत, असा निष्कर्ष काढला. तेवढ्यात सरांना घरून फोन आला. "हाव, आणतो मेथी," ते म्हणाले, आणि आम्ही दोघेही गंभीरपणे मास्तरांच्या लोभाकडे परतलो.

आता यात पणाला काय लागले होते, ते सांगतो. लातूरच्या एका महाविद्यालयातल्या चर्चासत्रात मी हेच प्रकरण निबंध म्हणून वाचणार होतो आणि त्याच महाविद्यालयात तासिका तत्त्वावरची एक जागा रिकामी होती. तिथल्या विभागप्रमुख बाईंनी कळवले होते, 'आधी निबंध ऐकू, मग ठरवू.' वर्गात उभे राहायचे की केळीच्या बागेत, हे त्या निबंधावर ठरणार होते.

अध्यक्ष पुण्याहून आलेले. पहिल्या रांगेत मास्तरांच्या कन्या बसल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, सारे त्यांना अक्का म्हणत. त्यांच्याकडे पाहून मी आदराने मान लववली आणि त्यांच्या वडिलांचा लोभ वाचायला घेतला.

"'आम्हाला खाणार का?' यावर राक्षस उत्तरतो, हाव."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. रसिकता, असे मी समजलो. आवाज चढवला.

"'तुला झोप येते का?' यावर राक्षस काय म्हणतो?" परिणाम साधण्यासाठी मी थांबलो.

"हाव," सारे सभागृह एका सुरात म्हणाले.

निबंधवाचनात असा सहभाग कोणी पाहिला आहे? मी भारावलो. बेडकांपाशी पोचलो तेव्हा विभागप्रमुख बाईंनी तोंडाला पदर लावला होता. मला वाटले, गहिवर.

निबंध संपला आणि अध्यक्ष डोळे मिटून चिंतनात गेले. चर्चेसाठी अक्का उठल्या.

"बाळा, गाव कोणतं तुझं?"

"अर्धापूर."

"जेवलास का, असं आई विचारती तवा काय म्हणतोस?"

मी हातातल्या निबंधाचे शीर्षक पुन्हा वाचले, या वेळी शब्दकोशाशिवाय.

"आमचे दादा, म्हंजी वडील, लिहायला बसले की त्यांना काही ऐकू यायचं न्हाई," अक्का सभागृहाकडे वळल्या. "दळण आणता का? हाव. पोरीला घेता का? हाव. आन् माणूस जागचा हलायचा न्हाई. आई म्हणायची, कुठला राक्षस पदरी पडला. तोच हा राक्षस. पुस्तक पुण्याला छापलं, तिथं सगळी भाषा धुऊन काढली. राक्षसाची तेवढी ठेवली. राक्षस असंच बोलत असतील, असं वाटलं असंल त्यांना."

हशा ओसरेपर्यंत त्या थांबल्या. "आन् लोभाचं म्हणशील, तर दादांना एकच लोभ होता. आईनं घडीभर गप बसावं."

मी सरांकडे पाहिले. सर शेजाऱ्याला सांगत होते, "मी याला आधीच सावध केलं होतं."

सत्र संपल्यावर बाई माझ्यापाशी आल्या. मागे सर आणि नुकतेच चिंतनातून बाहेर आलेले अध्यक्ष चहाचे कप घेऊन उभे होते.

"तुम्हाला वर्गात उभं करू नये, असंच माझं मत झालंय," बाई म्हणाल्या. "पण दुसरा अर्जच आला नाही. शिवाय आमची पोरं इतका वेळ कोणाचंच ऐकत नाहीत. पाहिजे का ही जागा?"

होय. अवश्य. मी आपला अत्यंत आभारी आहे. सगळी प्रमाण उत्तरे मला येत होती.

"हाव," मी म्हणालो.

अध्यक्ष माझ्या सरांच्या कानाशी झुकले. "जागा पाहिजे का विचारलं, तर मुलगा सरळ लोभ कबूल करतो. किती प्रांजळ संशोधक आहे."

"हाव," सर म्हणाले.